आधी तोंड, मग लगाम

लग्नसराईत ग्वाल्हेरच्या दौलतगंजातून महाराजबाड्याकडे निघालेली वरात पाहणारा माणूस नवरदेवाचा फेटा पाहतो, घोडीच्या पाठीवरची जरीची झूल पाहतो, बँडवाल्यांचे डगले पाहतो. घोडीच्या तोंडाकडे त्याचं लक्ष जात नाही. कपाळावरून लोंबणाऱ्या झालरीनं ते निम्मंअधिक झाकलेलंच असतं. ती झालर बाजूला सारून एकदा पाहावं. पुष्कळदा जिवणीच्या कोपऱ्यात लोखंडाची कडी दिसते आणि तिच्या आतल्या अंगाला टोकदार काटे काढलेले असतात. ओठाचा कोपरा सुजलेला, फेसात तांबूस छटा, जीभ एका बाजूनं बाहेर आलेली. हा काटेरी लगाम. घोडीवाल्याला विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: ‘काँटे के बिना काबू में नहीं रहेगी.’ पुढे ढोल, मागे फटाके, दोन्ही अंगांनी दिव्यांचे झोत आणि पाठीवर आयुष्यात पहिल्यांदाच घोड्यावर बसलेला नवरदेव. त्या माणसाची धास्ती खोटी नाही. उपाय मात्र चुकीचा आहे. तो का चुकीचा आहे हे कळायला घोड्याचं तोंड उघडून पाहावं लागतं.

हे ग्वाल्हेरात घडावं याची मला जास्त चुटपुट लागते, कारण हे शहर घोड्यांनी वसवलं आहे. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये किल्ल्याच्या दक्षिणेला कायमचा तळ दिला आणि त्या छावणीचंच लष्कर नावाचं शहर झालं. दौलतगंज त्याच लष्करातली पेठ. त्याच्या आदल्या वर्षी, १८०९ मध्ये, टॉमस ब्रॉटन नावाचा इंग्रज अधिकारी ब्रिटिश रेसिडेंटच्या रक्षकदलाचा प्रमुख म्हणून दौलतरावांच्या छावणीबरोबर फिरत होता. त्याची पत्रं १८१३ मध्ये पुस्तकरूपानं निघाली. बाजारासकट चालणारं एक अख्खं गाव त्यांत दिसतं, आणि त्या गावाचं चालणं-थांबणं घोड्यांवर अवलंबून आहे. पुढे संस्थानी काळात ग्वाल्हेर लान्सर्सच्या पलटणी उभ्या राहिल्या. ग्वाल्हेरचं ट्रान्सपोर्ट कोअर चित्राल आणि तिराहच्या मोहिमांत सामान वाहून आलं. स्वातंत्र्यानंतर संस्थानांची घोडदळं मोडून १९५३ मध्ये ६१वी कॅव्हलरी उभारली, तिच्यात ग्वाल्हेर लान्सर्सचेही घोडे आणि स्वार गेले. आज शहराजवळ टेकनपूरला सीमा सुरक्षा दलाच्या अकादमीत घोडेस्वारी शिकवली जाते. पागा, मोतद्दार, नालबंद, साळोतरी हे शब्द इथल्या मराठी घरांत पणजोबांच्या गोष्टींतून अजून ऐकू येतात. घोडा जाणणाऱ्यांच्या या गावात त्याचं तोंड तेवढं दुर्लक्षित राहावं, हे बरं नाही.

घोड्याचा जबडा लांब असतो. पुढे वर सहा आणि खाली सहा असे चावायचे दात, अगदी मागे दाढांची रांग, आणि या दोहोंच्या मधे दात नसलेली मोकळी हिरडी. लगामाचा तोंडातला भाग, ज्याला घोडेस्वारीच्या शाळेत ‘बिट’ म्हणतात, तो याच मोकळ्या जागेत बसतो. जागा आयती मिळाली म्हणून ती रिकामी आहे असं समजू नये. खालच्या जबड्याच्या हाडाची कड तिथे अरुंद झालेली असते आणि तिच्यावर हिरडीचं पातळ आवरण तेवढं असतं. आपल्या नडगीवर मांस नसल्यामुळे तिथे लागलेला मार जसा थेट हाडाला कळतो, तसंच त्या कडेचं आहे. लगाम लावून वापरलेल्या घोड्यांच्या कवट्या तपासताना नेमक्या याच जागी हाडावर खडबडीत वाढ झालेली पुष्कळदा सापडते. वारंवार दुखावलेलं हाड स्वतःवर थर चढवतं, त्याची ती खूण.

मग जीभ. तोंड मिटलेलं असताना खालच्या जबड्याच्या दोन फाट्यांमधली जागा जिभेनंच भरलेली असते, आणि वर टाळूपर्यंत फारशी फट उरत नाही. जर्मनीत अभ्यासकांनी घोड्यांच्या तोंडांची प्रत्यक्ष मापं घेतली तेव्हा बिटासाठी उरणारी जागा स्वारांच्या समजुतीपेक्षा बरीच कमी निघाली. म्हणजे बिट हवेत तरंगत नाही, ते जिभेतच रुतून बसतं. जिभेचं मूळ कंठाजवळच्या एका हाडाला जोडलेलं असतं आणि तिथून निघालेले स्नायू खाली छातीच्या हाडापर्यंत आणि खांद्यापर्यंत पोचतात. जीभ आखडली की मान आखडते, आणि मान आखडली की पुढचं पाऊल आखूड पडतं. पायात दोष आहे म्हणून नाल बदलत बसलेले लोक मी पाहिले आहेत; दोष कधीकधी तोंडात असतो.

हिलरी क्लेटन या घोड्यांच्या चालीच्या अभ्यासक. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यानं १९८४ मध्ये बिट लावलेल्या घोड्यांच्या तोंडाची चलत् क्ष-किरण चित्रं घेतली. मधे एक सांधा असलेलं साधं बिट ओढलं की ते अडकित्त्यासारखं मिटतं आणि सांध्याचं टोक टाळूला टोचतं, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत होती. चित्रांत दिसलं ते असं, की लगाम ताणला की बिट मुख्यतः जिभेत आणखी खोल रुततं आणि टाळूपासून दूर जातं. घोडाही गप्प राहत नाही. तो जीभ मागे ओढतो, फुगवतो, तिची उशी करून हिरडी वाचवतो, आणि अगदीच असह्य झालं तर जीभ बिटाच्या वर काढून घेतो. ‘जीभ काढायची खोड आहे’ असं ज्या घोड्याबद्दल सांगितलं जातं, त्यानं बहुतेक वेळा स्वतःपुरता तोडगा शोधलेला असतो.

आता मुद्द्याचं. सगळ्या घोड्यांची तोंडं सारखी नसतात, आणि बिटाची निवड करायची ती याच फरकांवरून. काठेवाडी घोड्याचा चेहरा आखूड, नाकावर किंचित खोलगट आणि मुस्कट लहान. मारवाडीचा चेहरा लांब, सरळ किंवा जरा बाकदार. भीमेकाठच्या भीमथडी तट्टांची अंगकाठी छोटी. त्यांची आता स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय नोंद झाली आहे. शर्यतीतून निवृत्त होऊन स्वारीच्या क्लबात आलेला थरोब्रेड अंगानं मोठा असला तरी त्याचे ओठ पातळ असतात. वरातीला लागणारी पांढरी नुकरा घोडी गुलाबी कातडीची. तिचं मुस्कट उन्हानं लवकर पोळतं, आणि पोळलेल्या कातडीवर बिट घासलं तर जिवणी पटकन सोलवटते. एकाच दुकानातला, एकाच मापाचा लगाम या सगळ्यांना बरा बसेल असं मानणं म्हणजे एकाच पायताणात सगळा गाव चालवणं.

तोंड पाहायचं ते असं. घोडा ओळखीच्या माणसाजवळ, सावलीत, मोहरकीवर, म्हणजे बिट नसलेल्या दोरीवर, उभा करावा. त्याच्या डाव्या अंगाला उभं राहून ओठ हलकेच बाजूला करावा, तोंड मिटलेलंच ठेवून. मोकळ्या हिरडीच्या जागी जीभ बाजूंनी फुगून बाहेर येताना दिसली तर जीभ जाड आहे असं समजावं. आत सैल बसलेली दिसली तर पातळ. मग अंगठा जिवणीच्या कोपऱ्यातून त्या मोकळ्या जागेत घालावा. तिथे दात नाहीत, त्यामुळे चावायची भीती नाही, मात्र बोट पुढे-मागे भरकटू देऊ नये. बोटाच्या पेरानं खालच्या हिरडीची कड चाचपावी. काही घोड्यांची कड गोलसर असते, काहींची इतकी धारदार की बोटालाही बोचते. दोन्ही बाजू चाचपाव्यात, कारण एका बाजूला गाठ किंवा दुखरी जागा आणि दुसरीकडे काहीच नाही असं पुष्कळदा सापडतं. एकीकडे दाबल्यावर घोडा मान झटकत असेल तर बिट विकत घेण्याचा विचार त्या दिवशी सोडून द्यावा आणि पशुवैद्याला बोलवावं. तेच बोट वर नेऊन टाळूची उंची अजमावता येते. शेवटी हनुवटीखाली, जबड्याच्या दोन फाट्यांमध्ये हाताची बोटं घालून रुंदी पाहावी. अरुंद जबड्यात एका सांध्याचं बिट दोन्ही बाजूंनी आत मिटतं आणि हिरड्यांना चिमटतं. रुंद जबड्यात तेच बिट सुखानं राहू शकतं.

जिवणीची खोली हा आणखी एक भाग, आणि तो फार जण विसरतात. काही घोड्यांची जिवणी मागपर्यंत फाकलेली असते, काहींची आखूड. ‘कोपऱ्याला एक सुरकुती पडेल इतकं उंच बिट बांधावं’ हा स्वारीच्या शाळेतला नियम मधल्या तोंडाच्या घोड्यासाठी ठीक आहे. लांब जिवणीच्या घोड्याला त्या नियमानं बिट बांधलं तर ते पहिल्या दाढेवर आपटतं. आखूड जिवणीच्या नराला तसंच बांधलं तर ते खाली सुळ्यांना लागतं. म्हणून सुरकुती मोजण्याऐवजी ओठ उघडून बिट आत कुठे आहे ते पाहावं. सुळ्यापासून आणि दाढेपासून ते सारखं सुटं राहिलं पाहिजे.

लांबी मोजायला एक गोल गुळगुळीत काठी पुरते. तिच्या दोन्ही टोकांना रबराची छोटी कडी अडकवावी, बिट जिथे बसेल तिथे काठी धरावी आणि कडी दोन्हीकडून ओठांना अलगद टेकेपर्यंत आत सरकवावी. त्यांच्यामधलं अंतर हे तोंडाचं माप. सुटी, फिरणारी कडी असलेल्या बिटाला दर बाजूला सुमारे पाच मिलिमीटर जास्त द्यावे लागतात, कारण फिरणारी कडी भोकाजवळ ओठ चिमटते. कडी घट्ट बसवलेल्या बिटाला दोन-तीन मिलिमीटर पुरतात. आखूड बिट ओठ चिरडतं हे सगळ्यांना कळतं. लांब बिट तितकंच वाईट. ते तोंडात आडवं सरकत राहतं, सांधा मध्यावरून ढळतो आणि एकाच बाजूची हिरडी सोलते. घोडा वाढेल म्हणून मोठ्या मापाचं बिट घेऊन ठेवणारे असतात. मुलाच्या सदऱ्याला ते चालतं, इथे नाही.

जाडीबद्दल तर एक चुकीची समजूत घट्ट रुजली आहे: जितकं जाड तितकं मऊ. दाबाच्या हिशेबात ते खरं वाटतं, कारण जाड सळई भार जास्त जागेवर पसरते. पण तोंडात जागाच नसेल तर जाड सळई जीभ चेपूनच ठेवते, लगाम सैल असला तरीही. फिनलंडमधल्या पशुवैद्यांनी याची तपासणी केली. तिथल्या संशोधकांनी शर्यत संपल्याबरोबर दुडक्या चालीनं धावणाऱ्या २६१ ट्रॉटर घोड्यांची तोंडं उघडून पाहिली तेव्हा ८४ टक्के घोड्यांना बिटाच्या जागी ताज्या जखमा होत्या, आणि बहुतेक जखमा बाहेरून दिसत नव्हत्या. पुढे त्याच गटानं स्वारीच्या स्पर्धांतले घोडे तपासले. तिथे १० ते १३ मिलिमीटरची बारीक बिटं आणि १८ ते २२ मिलिमीटरची जाड बिटं, दोन्ही वापरणाऱ्यांत मोठ्या जखमांचा धोका १४ ते १७ मिलिमीटरच्या मधल्या बिटांपेक्षा जास्त आढळला. काठेवाडीच्या छोट्या मुस्कटात वीस मिलिमीटरचं पोकळ बिट ‘सौम्य’ म्हणून घालणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

आकाराची निवड म्हणजे देवाणघेवाण आहे. सरळ किंवा किंचित बाकदार सळई जिभेवर बराच भार टाकते आणि हिरडी वाचवते. धारदार कडेच्या, पातळ जिभेच्या घोड्याला ती मानवते. जाड जिभेच्या घोड्याला मात्र ती गुदमरवते. त्याच्यासाठी मधोमध कमान असलेलं बिट काढलं गेलं, ज्यानं जिभेला जागा मिळते. पण जिभेवरून उचललेला भार कुठेतरी पडतोच, आणि तो पडतो हिरडीच्या कडेवर. कमान उंच झाली तर ती टाळूलाही लागते. एका सांध्याचं बिट कोपऱ्यांशी चांगलं बोलतं, वळवायला सोपं जातं, पण अरुंद जबड्यात आणि ओढल्यावर चिमटतं. दोन सांध्यांचं, मधे छोटी गुळगुळीत गोळी असलेलं बिट जिभेच्या आकारानं वाकतं. पुष्कळ तोंडांना ते सगळ्यांत बरं पडतं असं माझं मत झालं आहे, पण मधली पट्टी चपटी आणि धारदार कडेची असेल तर तीच जिभेला कापते. म्हणून दुकानात बिट हातात घेतल्यावर आधी ते डोळे मिटून बोटांनी चाचपावं. सांध्याजवळ चीर, ओतकामाची राहिलेली धार, झिजलेल्या भोकाची कड, बोटाला जे लागतं ते जिभेला लागणारच.

धातूचा प्रश्न त्या मानानं सोपा. स्टेनलेस स्टील टिकतं आणि गंजत नाही. साधं लोखंड आणि तांब्याची मिश्रणं चवीला बरी असल्यानं घोडा तोंड हलवतो आणि लाळ सुटते असं स्वार सांगतात. रबर मऊ खरं, पण कोरड्या तोंडात ते घासतं आणि चावून चिरलं की आतली तार उघडी पडते.

ज्या लगामांना दोन्ही बाजूंनी दांडे असतात आणि हनुवटीखाली साखळी, त्यांचं गणित वेगळं. दांड्यामुळे तरफ तयार होते. वरचा भाग पाच सेंटीमीटर आणि खालचा दहा असेल तर हातातली ओढ तोंडात दुपटी-तिपटीनं पोचते, शिवाय साखळीनं हनुवटी आवळली जाते आणि कानामागच्या पट्ट्यानं डोक्यावर दाब येतो. युद्धात एका हातात भाला असताना दुसऱ्या हाताच्या बोटाएवढ्या खुणेवर घोडा वळला पाहिजे, यासाठी हे अवजार घडलं. नीट शिकवलेला घोडा आणि हलका हात, दोन्ही असतील तरच ते वापरावं. वरातीतल्या नवरदेवाच्या हाती तशा लगामाची दोरी देऊ नये. घाबरून तो तिलाच लटकतो.

काटेरी लगामाची चाल जुनी आहे, आणि ती फक्त आपली नाही. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात झेनोफोन या ग्रीक सेनानीनं घोडेस्वारीवर ग्रंथ लिहिला. त्यात तो दोन बिटं बाळगायला सांगतो: एक खडबडीत, टोकदार चकत्यांचं आणि एक गुळगुळीत. पहिल्याची आठवण ठेवून घोड्यानं दुसरं आनंदानं घ्यावं, हा त्याचा हेतू. म्हणजे काटे वापरणारा झेनोफोनही कायम काट्यावर घोडा चालवायला सांगत नाही. वरातीतली घोडी मात्र रोज काट्यावरच चालते. पहिले काही दिवस ती दुखण्याला घाबरून थांबते. मग त्या जागी घट्टे पडतात, संवेदना बोथट होते, आणि तिला थांबवायला आणखी जोर लागतो. ज्या घोड्याचं तोंड असं ‘मेलं’ आहे तो अडचणीच्या क्षणी थांबत नाही, कारण वेदनेपासून पळून जाणं हाच घोड्याचा मूळ स्वभाव. काट्यानं घोडी काबूत राहते या समजुतीची मूळ चूक इथे आहे. दुखणारं तोंड घोड्याला पुढे पळवतं, मागे खेचत नाही.

कायदाही याबाबत स्पष्ट आहे. प्राण्यांचा छळ प्रतिबंधक कायदा, १९६० या कायद्याखाली १९६५ मध्ये ओझ्याच्या आणि ओढकामाच्या जनावरांसाठी नियम केले गेले. त्यातल्या आठव्या नियमानं टोकदार काठ्या, काटे किंवा उंचवटे असलेले लगाम आणि इजा करणारं इतर सामान यांवर बंदी आहे. नियम होऊन कित्येक दशकं झाली, तरी काटेरी लगाम बाजारात मिळतो. तो विकणारा, लावणारा आणि वरातीसाठी घोडी ठरवणारा, तिघांचाही त्यात वाटा आहे. लग्नघरानं बँडवाल्याशी पैशांवर जितका वेळ घातला जातो त्याच्या दशांश वेळात घोडीवाल्याला सांगितलं, की साधा लगाम असेल तरच घोडी हवी, आणि वरातीत तिच्या कानाशी फटाके फोडणार नाही, तर चाल बदलायला वेळ लागणार नाही. घोडी शांत ठेवायला तिच्या तोंडापेक्षा तिच्या आसपासचं बदलणं सोपं आहे: गर्दीत चालायची सवय दिवसा, रिकाम्या रस्त्यावर, ढोलाच्या आवाजाशी थोडं थोडं जवळ नेत लावावी. ग्वाल्हेरच्या जुन्या चाबुकस्वारांचं, म्हणजे घोडे शिकवणाऱ्यांचं, कामच ते होतं.

दातांचा विषय वेगळा काढला तरी तो बिटापासून तोडता येत नाही. घोड्याचे दात जन्मभर हिरडीतून वर सरकत राहतात, वर्षाला साधारण दोन-तीन मिलिमीटर, आणि चघळताना झिजतात. झीज सारखी होत नाही. वरच्या दाढांच्या बाहेरच्या कडेला आणि खालच्यांच्या आतल्या कडेला धारदार टोकं राहतात. लगाम आणि गालपट्ट्या गाल आत दाबतात तेव्हा तीच टोकं गाल कापतात. असा घोडा बिट लावताना डोकं उंच करतो, चारा चघळताना घास तोंडातून पाडतो, एका बाजूला वळायला नकार देतो. दातांची टोकं घासून काढली की हा ‘हट्टीपणा’ काही दिवसांत जातो. वरच्या पहिल्या दाढेच्या पुढ्यात काही घोड्यांना एक छोटा निरुपयोगी दात येतो. पशुवैद्य त्याला ‘वुल्फ टूथ’ म्हणतात. सहाव्या महिन्यापासून वर्षापर्यंत तो उगवतो, आणि बिट त्याच्यावर आपटत असेल तर स्वारी शिकवण्याआधी तो काढून टाकलेला बरा. अडीच वर्षांपासून पुढचे दुधाचे दात पडायला लागतात. मधली जोडी अडीचला, शेजारची साडेतीनला, कडेची साडेचारला. नरांचे सुळे चौथ्या-पाचव्या वर्षी फुटतात. या काळात हिरड्या सुजलेल्या असतात, त्यामुळे शिकाऊ घोड्याला अडीच ते पाच वर्षांच्या दरम्यान एखादा महिना बिट असह्य झालं तर तो बिथरला असं म्हणू नये. त्या महिन्यात मोहरकीवर काम चालू ठेवता येतं. नराला बहुधा चाळीस दात असतात, घोडीला छत्तीस. तिला सुळे क्वचितच येतात, म्हणून तिच्या तोंडात बिटाला खाली सरकायला थोडी जास्त जागा असते.

बिटाशिवाय स्वारी करणारेही वाढत आहेत. नाकावर, हनुवटीवर किंवा डोक्यावर दाब देणारे लगाम त्यांनी आणले. शिकाऊ स्वारांसाठी आणि तोंड दुखणाऱ्या घोड्यांसाठी मला ते फार उपयोगी वाटतात. मात्र नाकाच्या हाडावर आवळलेला पट्टाही जखम करतो, आणि तोंड बांधून टाकणारा नाकपट्टा तर बिटाहून वाईट, कारण तो घोड्याची तक्रार दाबून टाकतो. नाकाच्या हाडावर पट्ट्याखाली दोन बोटं सहज गेली पाहिजेत.

खरेदीला माल कमी नाही. कानपूरला लष्करी सामानासाठी १८६० च्या दशकात सरकारी कारखाना सुरू झाला तेव्हापासून खोगीर-लगामाचा व्यवसाय तिथे भरभराटीला आला. आजही त्या गावाचं चामडी स्वारीसामान परदेशात जातं. ग्वाल्हेरहून आग्र्याच्या बाजूला यमुनेकाठी बटेश्वरची जत्रा भरते, महाराष्ट्रात तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या सुमारास घोडेबाजार भरतो. दोन्हीकडे घोड्यांबरोबर साजही विकायला येतो. अशा बाजारात लगाम घ्यायला जाताना घोड्याच्या तोंडाची मापं, म्हणजे लांबी, जबड्याची रुंदी, जीभ जाड की पातळ, कड धारदार की गोल, चिठ्ठीवर लिहून न्यावीत. दुकानदार ‘सब घोड़ों को चलता है’ म्हणेल, त्यावर विश्वास ठेवू नये.

नवं बिट पहिल्या दिवशी पागेतच लावावं, लगाम न जोडता, आणि घोड्याला दहा-पंधरा मिनिटं गवताच्या पेंडीजवळ उभं करावं. तो तोंड हलवेल, जिभेनं बिट उलटंपालटं करेल, ते करू द्यावं. थंडीच्या दिवसांत लोखंड हातात धरून आधी ऊब द्यावी. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मोकळ्या जागी चालीवर न्यावं, वळवताना हात हलका ठेवून. स्वारी संपल्यावर खोगीर उतरवण्याआधी लगाम काढावा आणि ओठ उघडून दोन्ही कोपरे, दोन्ही हिरड्या आणि जिभेच्या कडा पाहाव्यात. जिवणीच्या आत लाल वळ, जिभेवर निळसर पट्टा किंवा फेसात रक्ताचा थेंब दिसला तर ते बिट बाजूला ठेवावं, जखम भरेपर्यंत घोडा मोहरकीवर फिरवावा, आणि मापाची चिठ्ठी पुन्हा हातात घ्यावी.